पासष्ट हजारांचा सिनेमा

शिवडीला आमच्या चाळीसमोर गणपतीच्या दिवसांत गल्लीत पडदा लागायचा. दोन बांबूंना ताणून बांधलेले पांढरे कापड, समोर टेबलावर भाड्याने आणलेला प्रोजेक्टर आणि रीळ बदलताना होणारा आरडाओरडा. पडद्याच्या पुढे सतरंज्यांवर बायका आणि वडीलधारी मंडळी बसत. आम्हा पोरांना जागा मिळे ती पडद्याच्या मागे. मागून सिनेमा पाहिला की सगळे उलटे दिसते. नायक डावखुरा होतो, पाट्या उलट्या वाचाव्या लागतात. लहानपणीचे निम्मे सिनेमे मी असे उलट्या बाजूनेच पाहिले आहेत.

एका वर्षी मंडळाने ‘अलबेला’ आणला. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पडद्यावर एक बुटका, गोलमटोल, नायकासारखा मुळीच न दिसणारा माणूस नाचू लागला. नाच तरी कसला! दोन पावले पुढे, दोन मागे, खांदे हलवायचे आणि हात वर करून झुलायचे. पडद्याच्या पलीकडे गलका झाला म्हणून मी कडेने डोकावून पाहिले, तर गिरणीतली मंडळी उठून नाचत होती. त्यांत माझे वडील होते. साचाखात्यात आठ-आठ तास उभा राहणारा, घरात मोजके बोलणारा, आमच्यासमोर कधी गाणे न गुणगुणलेला माणूस! मी इतका चकित झालो की त्या रात्रीचा पुढचा सिनेमा मला आठवतच नाही.

पडद्यावर नाचणाऱ्या त्या माणसाचे नाव भगवान आभाजी पालव. सगळा महाराष्ट्र त्यांना भगवानदादा म्हणून ओळखतो. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते गेले. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, २०१६ साली त्यांच्या आयुष्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपटही निघाला. तरीही लिहावेसे वाटते, कारण त्यांची गोष्ट आपण नेहमी एकाच बाजूने सांगतो. जुन्या सवयीप्रमाणे मला ती पडद्याच्या मागच्या बाजूने सांगायची आहे.

त्याआधी एक कबुली देऊन टाकतो. मला वाईट सिनेमे आवडतात. चार कादंबऱ्या लिहिलेल्या, बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने हे चारचौघांत सांगू नये, असे घरच्यांचे मत आहे. पण खरे आहे ते खरे. लालबागच्या ‘गणेश’ आणि ‘जयहिंद’मध्ये मी दारासिंगचे जुने सिनेमे पाहत वाढलो. १९६२ सालचा ‘किंग काँग’ पाहायला गेलो तेव्हा प्रचंड गोरिला पाहायला मिळणार अशी आशा होती. गोरिला नव्हताच, कुस्त्या होत्या. पण फसवले गेल्याचे दुःख काही झाले नाही, कारण कुस्त्या झकास होत्या.

वाईट सिनेमांचे माझ्या हिशेबी दोन प्रकार आहेत. एक, पैसा हाताशी असून आळसाने वाईट केलेले. ते मला सोसत नाहीत. दुसरे, पैसा नसताना जीव तोडून केलेले. त्यांतले डोंगर रंगवलेल्या कापडाचे असतात, दाढ्या चिकटवलेल्या दिसतात आणि भर दुपारी चित्रित केलेली रात्र दुपारसारखीच दिसते. पण मारामारी करणारा माणूस खरोखर धापा टाकत असतो. १९३६ सालचा ‘मिस फ्राँटियर मेल’ आजही पाहायला मिळतो. त्यात आगगाडीच्या टपावर मारामारी करणारी नादिया पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. हे नादियाचे सिनेमे वाडिया बंधूंनी काढले ते आमच्या शिवडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, परळच्या लवजी कॅसलमध्ये. पुढे त्याच जागी शांतारामबापूंचे ‘राजकमल’ उभे राहिले. ‘राजकमल’ सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधी तिथे चाबूक कडाडत होता, हे मुद्दाम सांगावे लागते.

भगवानदादा या दुसऱ्या प्रकारातले. त्यांचा जन्म १९१३ सालचा, अमरावतीचा. वडील कापड गिरणीत कामगार होते. बालपण आणि तारुण्य दादर-परळ भागात गेले. शाळेत फारसे मन रमले नाही. व्यायामाचा आणि कुस्तीचा नाद मात्र जबर होता, आणि पडद्यावर उड्या मारणारा, तलवार फिरवणारा डग्लस फेअरबँक्स हे दैवत होते. पोटासाठी मजुरी केली, पण डोळे सिनेमाकडे लागलेले. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत त्यांना छोटे काम मिळाले. ‘हिम्मत-ए-मर्दा’ हा १९३४ सालचा त्यांचा पहिला बोलपट. पुढे चार वर्षांनी, १९३८ साली, चंद्रराव कदम यांच्याबरोबर त्यांनी ‘बहादूर किसान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. तेव्हा ते पंचविशीत होते.

तेथून १९४९ पर्यंत त्यांनी एकामागून एक मारधाडीचे सिनेमे काढले. मधल्या काळात तमीळमध्येही ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ असे दोन चित्रपट केले. त्यांतला ‘वनमोहिनी’ हा १९४१ सालचा, टारझनच्या वळणाचा जंगलपट. त्यात चंद्रू नावाच्या हत्तीलाही मोठे काम होते. १९४२ साली त्यांनी ‘जागृती पिक्चर्स’ ही स्वतःची संस्था काढली आणि १९४७ साली चेंबूरला ‘जागृती स्टुडिओ’ उभा केला. गिरणी कामगाराच्या मुलाने स्वतःचा स्टुडिओ बांधला, आणि तो अशा सिनेमांच्या कमाईवर, ज्यांची नावे सभ्य घरांत कोणी घेत नव्हते.

हे सिनेमे ते किती पैशांत काढत? सुमारे पासष्ट हजार रुपयांत. बँकेतली माझी सगळी वर्षे लोकांचे खर्चाचे अंदाज तपासण्यात गेली. पासष्ट हजारांत सिनेमा म्हणजे काय, याचा विचार मी अनेकदा केला आहे. याचा अर्थ असा, की लेखक, दिग्दर्शक, नायक आणि मारामारी बसवणारा यांसाठी चार माणसे ठेवता येत नाहीत. कपडे कसे शिवायचे ते दादांनीच ठरवायचे, युनिटच्या जेवणाची सोयही त्यांनीच पाहायची. दुसऱ्यांदा चित्रण करायची चैन परवडत नाही. पडला तर पडला, लागले तर लागले, पुढचा शॉट घ्या. गिरणीत बदली कामगार जसा मिळेल त्या साच्यावर उभा राहतो, तसे हे काम होते. आणि म्हणूनच गिरणीतल्या माणसाला ते आपले वाटत असावे.

त्या काळी अशा सिनेमात काम करणे कमीपणाचे मानले जाई. संगीतकार सी. रामचंद्र हे दादांचे जिवलग. पुणतांब्याचा हा माणूस पुढे हिंदी चित्रसंगीतातला मोठा कलावंत ठरला. त्यांनीही काही मारधाडपटांना संगीत देताना ‘अण्णासाहेब’ असे वेगळे नाव लावले. मी त्यांना दोष देत नाही. आमच्या पिढीत रहस्यकथा टोपणनावाने लिहिणारे प्राध्यापक होतेच. पण यातून एक गोष्ट कळते. त्या सिनेमांची लाज ते पाहणाऱ्यांना नव्हती, करणाऱ्यांच्या आजूबाजूला मात्र होती.

या धंद्याची दुसरी, कडू बाजूही सांगितली पाहिजे. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रणात दादांना ललिता पवार यांना थप्पड मारायची होती. ती खरोखरच जोरात बसली. त्यांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला इजा झाली, तीन वर्षे उपचार चालले आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. १९३१ सालच्या ‘दिलेर जिगर’ या मूकपटात साहसी नायिका म्हणून शोभलेल्या ललिताबाईंची नायिकेची वाट तिथेच संपली. पुढे चरित्र भूमिकांत त्या आपल्या कर्तृत्वाने मोठ्या झाल्या, ही गोष्ट निराळी. जीव ओतून केलेले काम म्हणून मी ज्या सिनेमांचे कौतुक करतो, त्यांत अशीही किंमत मोजली गेली, आणि ती नेहमी नायकानेच मोजली असे नाही. चाहत्याने हे विसरू नये.

मग १९५१ साल उजाडले. राज कपूर यांनी दादांना सुचवले होते की मारधाड पुरे, आता एखादा सामाजिक चित्रपट काढा. त्यातून ‘अलबेला’ आला. गरीब घरातला नाटकवेडा मुलगा, बहिणीच्या लग्नाची काळजी, वडिलांशी भांडण, घर सोडणे, रंगभूमीवर नाव मिळवणे आणि परत येतो तोवर आई गेलेली. कथा तशी साधीच. पण दादा स्वतः नायक, समोर गीता बाली आणि सी. रामचंद्रांचे संगीत! त्याच वर्षी ‘आवारा’ आणि ‘बाजी’ लागले होते. राज कपूर आणि देव आनंद यांच्यासारख्या देखण्या नायकांच्या त्या सिनेमांच्या बरोबरीने अडतिशीतला, ठेंगणा आणि गोल अंगाचा हा कामगाराचा मुलगा चालला.

सगळे म्हणतात की ‘अलबेला’ने दादांना स्टंटपटांतून बाहेर काढले. माझे मत वेगळे आहे. माझ्या मते ‘अलबेला’ चालला तो त्यातल्या स्टंटवाल्यामुळे. दादांचा नाच नीट पाहा. शास्त्रीय नृत्याची तयारी त्यात नाही, विलायती नाचाची शिस्तही नाही. आहे तो आखाड्यात घुमलेल्या अंगाचा तोल. वजनदार माणूस इतका हलका कसा होतो, याचे उत्तर त्या दहा-बारा वर्षांच्या उड्यांत आणि पडण्यात आहे. शिवाय हा नाच कमीत कमी खर्चाचा आहे. मोठी जागा नको, पायात घुंगरू नकोत, शिकवणारा गुरू नको. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत, विसर्जनाच्या गर्दीत, लग्नाच्या वरातीत कुणालाही करता येतो. पुढे अमिताभ बच्चन यांच्या नाचात ती लकब पुष्कळांना दिसली, मलाही दिसते. पण तिचे खरे वारस लालबाग-परळच्या मिरवणुकांत नाचणारे लोक आहेत. त्यांतल्या कित्येकांना ही लकब कुणाची, हे ठाऊकही नसते.

पुढची हकिकत सर्वांच्या तोंडी आहे. १९५३ साली ‘झमेला’ काढला, तो तितका चालला नाही. १९५६ चा किशोरकुमारबरोबरचा ‘भागम भाग’ आला. पुढे ‘हँसते रहना’ हाती घेतला, त्यात पैसा गुंतला आणि चित्रपट अपुरा राहिला. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला गेला. आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी होत्या, त्या गेल्या. स्टुडिओ गेला. दादा दादरच्या चाळीत राहायला आले आणि मिळतील ती छोटी कामे करू लागले. एकेकाळचा नायक नाचाच्या एखाद्या प्रसंगापुरता दिसायचा, मागच्या रांगेत उभा राहायचा.

बँकेत असताना ही गोष्ट मीही सांगत असे. हप्ते थकवणाऱ्या गिऱ्हाइकांना, नव्या कारकुनांना, घरात मुलांना. सात मोटारींचा भाग मी विशेष रंगवून सांगे. तात्पर्य तयारच असायचे: अंथरूण पाहून पाय पसरावेत. आज मला त्या तात्पर्याची थोडी शरम वाटते. हिशेब मांडायचा तर पुरता मांडावा. चित्रपट व्यवसायाला आपल्या सरकारने उद्योगाचा दर्जा जाहीर केला तो १९९८ साली. तोवर सिनेमा काढणाऱ्यासाठी बँकेचे दार जवळजवळ बंदच होते. खाजगी सावकार किंवा स्वतःचे घर, एवढेच दोन मार्ग. दादा पन्नाशीच्या दशकात माझ्यासारख्या अधिकाऱ्यापुढे अर्ज घेऊन बसले असते, तर मी नियमावर बोट ठेवून तो परत केला असता. मोटारी ही चैन होती, कबूल. पण मोटारींपायी स्टुडिओ जात नाही. जातो तो अर्धवट राहिलेल्या सिनेमापायी. एका सिनेमाची कमाई पुढच्या सिनेमात घालायची, हीच त्यांची पद्धत होती. पासष्ट हजारांच्या सिनेमात ती खपून गेली. मोठ्या सिनेमात एक डाव फसला आणि सगळे गेले.

आणि पडल्यावर दादांनी काय केले? काम केले. लहान काम, पण केले. मारधाडपटातला माणूस घोड्यावरून पडला की उठून कपडे झटकतो, तसे. मी पाहिलेल्या अनेक सिनेमांत ते शेवटच्या ओळीत उभे असत, पण पाय थांबलेले मी कधी पाहिले नाहीत.

आता माझ्या वडिलांची गोष्ट सांगतो, कारण हा लेख खरे तर तिच्यामुळे लिहितो आहे. बाबा कोकणातून मुंबईत आले तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. महायुद्धाचा काळ होता. मिळालेल्या आण्यांतून ते मारधाडीचे सिनेमे पाहत. मला नोकरी लागली, मी फिल्म सोसायटीचा सभासद झालो आणि घरात बंगाली, जपानी, इटालियन सिनेमांची चर्चा करू लागलो. बाबांनी कधीतरी आपल्या सिनेमांचा विषय काढला की मी हसून तो बदलत असे. मुद्दाम अपमान केला असे नाही. पण ते गप्प होत, हे मला दिसत होते.

पुढे म्हातारपणी एका सिनेमातला प्रसंग ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. नायक घोड्यावर टांग मारायला जातो आणि चक्क पलीकडच्या बाजूला पडतो. उठतो, हसतो आणि पुन्हा टांग मारतो. ती चूक होती, पण कापलेली नव्हती. बाबांना सगळ्या सिनेमात तेवढेच आवडले होते. साच्यावर धागा तुटला की गाठ मारायची आणि साचा पुन्हा चालू करायचा, तसे ते होते, असे त्यांचे म्हणणे. सिनेमाचे नाव त्यांना आठवत नव्हते. नायक भगवान होता की दुसराच कोणी, हेही खात्रीने सांगता येत नव्हते. मी म्हटले, आपण दादरला जाऊ, भगवानदादांना भेटू, त्यांनाच विचारू. शिवडीहून दादर ते किती लांब! पण वर्षअखेरीचे हिशेब, बदली, मुलीची दहावी, अशी कारणे निघत गेली. मग एके सकाळी बाबांनीच मला वर्तमानपत्रातली दादा गेल्याची बातमी दाखवली. बोलले काहीच नाहीत. तीन वर्षांनी तेही गेले.

निवृत्त झाल्यावर मी तो सिनेमा शोधायला निघालो. तेव्हा मला कळले की शोधण्यासारखे फार थोडे उरले आहे. पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंत सिनेमे नायट्रेटच्या फितीवर निघत. ही फीत चटकन पेट घेते आणि नीट सांभाळली नाही तर आपोआप कुजते. तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळे भंगारात विकली जात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली; तोवर बरेच काही हातचे गेले होते. आपल्याकडच्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी तीससुद्धा धडपणे उरलेले नाहीत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ नाही. मग पासष्ट हजारांचे मारधाडपट कोण सांभाळणार? दादांच्या त्या काळातल्या बहुतेक सिनेमांची आता नावेच उरली आहेत. संतपट आणि सामाजिक चित्रपट थोडे तरी जपले गेले, कारण ते जपण्यासारखे आहेत असे कुणाला तरी वाटले. हे सिनेमे ज्यांना आवडत होते, त्यांच्या मताला किंमत नव्हती. माझ्या घरातही नव्हती.

आता आमच्या शिवडीत गिरणीचा भोंगा नाही. खाडीवर फ्लेमिंगो पाहायला दुर्बिणी घेऊन लोक येतात, आणि जानेवारी २०२४ पासून इथूनच अटल सेतूवरून गाड्या समुद्रापलीकडे जातात. गल्लीत पडदा लागत नाही. पण गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पथक ‘अलबेला’तले ते गाणे वाजवू लागले की गर्दीचे पाय आपोआप दोन पुढे, दोन मागे पडतात. गेल्या वर्षी मीही त्यांत शिरलो. गुडघे कुरकुरत होते, नातू पदपथावर उभा राहून माझ्याकडे चकित होऊन पाहत होता. घरी आल्यावर त्याने विचारले, हा नाच मी कुठे शिकलो. मी त्याला सगळे पहिल्यापासून सांगितले, अगदी घोड्यावरून पलीकडे पडणाऱ्या नायकासकट.

तुमच्या घरात कुणी वडीलधारे असतील, तर त्यांना त्यांच्या आवडीच्या वाईट सिनेमांविषयी एकदा विचारा. मात्र ते सांगत असताना हसून विषय बदलू नका.